उलटं पाणी आणि अर्धा किलो हळद

न्यूझीलंडमध्ये बाथटबचं पाणी उलटं फिरत नाही. हे मी खात्रीने सांगू शकतो, कारण ते फिरवण्यात माझा एक अख्खा शनिवार, अर्धा किलो हळद आणि सासुरवाडीतली उरलीसुरली अब्रू खर्ची पडली आहे.

अब्रू तशी मुळातच बेताची होती. माझे सासरे, अण्णा, पुण्यात शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. मी सॉफ्टवेअरवाला. "इंजिनिअर, ते ठीक. पण कशाचे?" असं त्यांनी मुलगी बघायला गेलो तेव्हाच विचारलं होतं, आणि समाधानकारक उत्तर त्यांना अजून मिळालेलं नव्हतं. दर रविवारी ते सोसायटीच्या हॉलमध्ये मुलांना विज्ञानाचे व्हिडिओ दाखवत. सुरू केलं मुलांसाठी, पण हळूहळू आईबाप, आज्या, वॉचमन, सगळेच येऊन बसायला लागले (चहा फुकट असायचा).

एक दिवस न्यूझीलंडला, अल्बनीतल्या आमच्या घरी त्यांचा फोन आला.

"जावईबापू, तुमच्याकडे टबातलं पाणी भोकातून जाताना उलटं फिरतं म्हणतात. जरा व्हिडिओ काढून पाठवाल का? पोरांना दाखवीन म्हणतो."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण अण्णांनी माझ्याकडे काही मागितलं ते पहिल्यांदाच. मी हरखलोच. म्हटलं, "त्यात काय अण्णा, आम्ही रोजच बघतो." (काही बघत नव्हतो. आमच्याकडे टबात बादली ठेवून तांब्याने अंघोळ चालायची.)

शनिवारी माझी बायको मंजिरी ड्युटीवर गेली. ती हॉस्पिटलात फार्मासिस्ट. घरात मी आणि आमची नऊ वर्षांची रेवा. रेवाला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्लिशमध्येच येतं. तिच्या हातात कॅमेरा दिला, टब भरला आणि बूच ओढलं. इथे, दक्षिण गोलार्धात, पाण्याने घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरायला हवं होतं. ते मुकाट्याने सरळ खाली निघून गेलं.

"बाबा, नथिंग हॅपन्ड."

"फिरतंय गं. दिसत नाहीये आपल्याला."

दिसावं म्हणून हळद आणली. लांब ओटाहुहूच्या भारतीय किराणा दुकानातून मंजिरीने वर्षाची म्हणून आणलेली पिशवी होती, त्यातली चमचाभर टाकली. आता पाणी छान फिरताना दिसलं, पण काट्यांच्या विरुद्ध. म्हणजे जे पुण्यात व्हायला हवं ते!

"रॉंग वे," रेवा म्हणाली.

पुन्हा टब भरला, पुन्हा हळद. आता ते आधी इकडे फिरलं, मग विचार बदलून तिकडे. त्यानंतर किती टब भरले ते मला आठवत नाही, पण पिशवी निम्मी झाली तेव्हा मला कळून चुकलं की एकीकडे विज्ञान आहे आणि एकीकडे सासरे. मी सासरे निवडले. रेवाला पाणी प्यायला किचनमध्ये पिटाळलं, कोपरापर्यंत हात घातला आणि कढी ढवळावी तसं सगळं पाणी योग्य दिशेला ढवळून ठेवलं.

"आली का? चल, कर सुरू." मी घसा साफ केला. "नमस्कार, बालमित्रांनो! पाहा, कोणीही हात न लावता पाणी आपोआप कसं उलटं फिरतंय!" आणि मी टबाकडे बोट दाखवलं. त्याच हाताचं.

"बाबा, युअर—"

"शू. मध्ये बोलायचं नाही."

शूटिंग संपल्यावर हाताकडे लक्ष गेलं. कोपरापर्यंत पिवळाधमक. साबण घेऊन खसाखसा घासला, तर तो लाल झाला. घाबरून टब साबणाने घासायला घेतला, तर टबही लाल. टब घरमालकाचा! मी घासतोय, रेवा दाराशी उभी राहून स्वतःशीच काहीतरी पुटपुटतेय, आणि तेवढ्यात मंजिरी आली.

"अगं बाई! काय कापलंस?"

"काही नाही. अण्णांसाठी प्रयोग."

तिने हळदीच्या पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "लिंबू पिळ. लाल जाईल. पिवळं नाही जायचं." टब बरेच दिवस पिवळा होता.

व्हिडिओची सुरुवात मी तपासली. पाणी झकास फिरत होतं, मी दुसरं काही बघितलंच नाही. मंजिरीची मैत्रीण पुण्याला निघाली होती, तिच्याबरोबर सीडी रवाना केली आणि शाबासकीची वाट बघत बसलो.

फोन आला तो पंधरवड्याने, एका रविवारी, थेट हॉलमधून, स्पीकरवर.

"जावईबापू, एवढ्याशा पाण्याला पृथ्वीचं फिरणं कुठलं जाणवायला? टबाचा आकार कसा, पाणी कसं ओतलं, त्यावर ते कसंही फिरतं. मी जन्मभर हेच शिकवत आलो."

"मग अण्णा... मागवलात कशाला?"

"ऐकलेलं आणि बघितलेलं यात फरक असतो, हे पोरांना दाखवायचं होतं. म्हटलं, तुम्ही जे दिसेल ते पाठवाल."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात पलीकडून एका पोराचा आवाज आला, "काका, हात न लावता तुमचा हात पिवळा कसा झाला?" अख्खा हॉल हसला. वॉचमनसुद्धा.

"पण पुढचा भाग उत्तम आहे हं," अण्णा म्हणाले.

पुढचा भाग? रेवाने कॅमेरा बंदच केला नव्हता. माझं घासणं, मंजिरीचं किंचाळणं, सगळं त्यात होतं. आणि दाराशी उभी राहून ती पुटपुटत होती तेही. अण्णांनी ते मला फोनवर ऐकवलं: "आजोबा, बाबाचा हात पिवळा होता. साबण लावला. लाल झाला. का?"

मराठीत. आम्ही एवढी वर्षं डोकं फोडूनही जे तिच्या तोंडून निघालं नव्हतं, ते.

"का, असं विचारलं पोरीने," अण्णांचा आवाज ओला झाला होता. "पुढच्या रविवारी सगळी पोरं हळद आणि साबण घेऊन येणार आहेत."

तो व्हिडिओ अण्णा अजून दरवर्षी दाखवतात. आधी माझा भाग, 'प्रयोग कसा करू नये' म्हणून, आणि मग रेवाचा. मला पहिल्यांदा हळद लागली तेव्हा मी अण्णांचा जावई झालो. दुसऱ्यांदा लागली तेव्हा त्यांचा विद्यार्थी झालो, आणि गेली कित्येक वर्षं त्याच वर्गात बसलोय.