मैदानावर दहा गैरहजर

सूतगिरणीच्या फुटबॉल संघात मी लेफ्ट आउट होतो. दोन्ही पायांनी मी सारखाच वाईट खेळायचो. पण डावीकडे उभं राहायला आनंदाने तयार असा संघात मी एकटाच होतो, आणि त्याचं कारण फुटबॉल नव्हतं.

आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं फार. वडील संघटनेची पत्रकं छापून आणायचे आणि उरलेल्या गठ्ठ्यांचा घरात सगळीकडे उपयोग व्हायचा. डब्यांखाली, फडताळात, पापड वाळवायला. ‘जाहीर निषेध’ हे दोन शब्द मला बाराखडी पुरती यायच्या आधी वाचता येत होते. वाण्याकडून आणायच्या सामानाची यादी केली तरी वर ‘आमच्या मागण्या’ असं लिहिल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. असा मुलगा धुळ्याच्या गिरणीत टाइम ऑफिसात कारकून झाला आणि तिथून फुटबॉल संघात गेला, तर पुढे काय होणार हे साहेबांना कळायला हवं होतं.

जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांतले कारखाने, नगरपालिका आणि कॉलेजं मिळून एक लीग चालायची. दिवाळी झाली की सुरू आणि संक्रांतीच्या आधी खलास. तिचे दोन गट होते, अ आणि ब. आम्ही ब गटात होतो, कारण क गट नव्हता. तरी आम्ही व्यावसायिक होतो. सामन्याच्या दिवशी गिरणी आमचा रोज भरायची, म्हणजे फुटबॉल खेळून पोट भरणारी माणसं आम्हीच. एसटीत कंडक्टरने विचारलं की आमचा फॉरवर्ड हे अभिमानाने सांगायचा. तो शहरातल्या रंगारी घराण्यातला, बोटं कायम निळी. कंडक्टर त्याच्या बोटांकडे बघायचा, मग चेंडूकडे, आणि म्हणायचा, “बॉल मांडीवर घ्या, सीट अडवू नका.”

त्या वर्षी मात्र साहेबांनी फलकावर नोटीस लावली. संघ अ गटात गेला, तर संघातल्या बदली कामगारांना कायम करण्यात येईल. बदली म्हणजे रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, नाव पुकारलं की ‘हजर’ म्हणायचं, आणि कोणी कायम कामगार आला नसेल तर आत जायचं, नाहीतर परत घरी. आमच्या संघात बदली एकच होता, गोलकीपर. सहा वर्षं बदली. शिंदखेड्याकडचा, शेतकऱ्याघरचा, इतका उंच की गोलमध्ये उभा राहिला की आडवा बांबू त्याच्या कानाशी यायचा. त्याचं लग्न ठरल्यात जमा होतं, पण मुलीच्या वडिलांनी एक वाक्य मध्ये घालून ठेवलं होतं. “पोऱ्या कायम व्हवू द्या, मंग बोलूत.”

तेव्हा त्या वर्षीची आमची लीग म्हणजे गोलकीपरचं लग्न. आम्ही खेळलोही तसेच. गोलकीपरने तर नवीनच तंत्र काढलं. समोरून कोणी चेंडू घेऊन आला की हा हात जोडून म्हणायचा, “भाऊ, हळू मार. लगीन शे मनं.” निम्मे लोक हसायचे आणि चेंडू बाहेर जायचा. अशाने आम्ही तीन सामने जिंकलो.

चौथा जळगावला होता. लीगच्या नियमाप्रमाणे खेळाआधी रेफरी यादी घेऊन एकेकाचं नाव पुकारायचे आणि खेळाडूने ‘हजर’ म्हणायचं. रेफरी एका शाळेत शिक्षक होते, कोकणातून बदलून आलेले. त्यांनी गोलकीपरचं नाव घेतलं.

“शे,” गोलकीपर म्हणाला.

“किती शे?” सर म्हणाले. “दोनशे की तीनशे?”

दोन्ही संघ हसले. गोलकीपर सगळ्यांत मोठ्याने हसला.

“मराठीत बोला,” सर म्हणाले.

“हजर,” तो म्हणाला. सामना झाला, आम्ही दोन-एकने जिंकलो, आणि पारोळ्याला बस थांबेपर्यंत सगळे ते विसरले. मी विसरलो नाही. माणूस मैदानात उभा राहून आपल्या आईच्या भाषेत सांगतो की मी आहे, आणि शिट्टी गळ्यात अडकवलेला दुसरा माणूस त्यावर विनोद करतो. हे मला तेव्हा सहन झालं नाही आणि आजही होत नाही.

दोन दिवसांत मी गुलाबी कागदावर पत्रक छापून आणलं. मथळा होता, ‘किती शे? बठ्ठा खानदेश शे!’ बठ्ठा म्हणजे सगळा. खाली मी मुद्दा मांडला होता, की हजर हा गेटवरचा शब्द आहे, वरच्याने पुकारायचं आणि खालच्याने द्यायचा. शे हा घरचा शब्द आहे, तो कोणी पुकारल्याशिवायही असतो. मला ते वाक्य फार आवडलं होतं. पहिली प्रत मी गोलकीपरला दिली. त्याने ती दोन्ही बाजूंनी पाहिली. मागे कोरं होतं.

“भाऊ, माले तर काहीच वाटनं नही,” तो म्हणाला.

“तेच तर. वाटत नाही, हीच गुलामी.”

त्याने पत्रकाची घडी घातली. “मंग वाटाले काय करू?”

मी कॅंटीनमागच्या लिंबाखाली सभा बोलावली. ठराव असा, की यापुढे हजेरीला संघातल्या प्रत्येकाने ‘शे’ म्हणायचं. आमचे मॅनेजर नाना गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते आणि त्यांना फुटबॉलमधलं फक्त चेंडूत हवा भरणं कळायचं. ते म्हणाले, “ठराव कर. पण मॅच हारू नको.”

पहिली हरकत जळगावजवळच्या असोद्याच्या फुलबॅकने घेतली. “आमच्याकडे हाये म्हणतात, शे कोण म्हणतं? मी घरी शे म्हटलं तर माय विचारेल, कोणाच्या घरी जेवून आला.”

“प्रश्न एका गावाचा नाही,” मी म्हणालो. “एकजुटीचा आहे.”

“मग एकजुटीनं आमची केळी खा,” तो म्हणाला. तो दर सामन्याला घरच्या बागेतली, व्यापाऱ्याने न उचललेली केळी आणायचा आणि मध्यंतरात ती कोणी खायचं नाही. प्रत्येकी तीन केळी असं ठरलं आणि असोदा ठरावाच्या बाजूने आलं.

फॉरवर्ड मात्र हटेना. “हजर तो हमारे घर का लफ्ज़ है, भाऊ. तुम उसी के ख़िलाफ़ परचा निकालो और मैं दस्तख़त करूँ?”

मी म्हणालो, अल्पमताचा आदर केला जाईल. तो म्हणाला, आदर नको, माझी तीन केळी रद्द करा.

शेवटचा सामना धुळ्यात, आमच्याच मैदानावर होता. समोर जळगावच्या एका कारखान्याचा संघ. जिंकलो तर अ गट, नाहीतर ब. पौषातला दिवस, साडेचारला सुरुवात. मैदानाच्या एका बाजूला जिनिंग, त्यामुळे वाऱ्यावर कापसाचे पुंजके लोळत यायचे. शिंदखेड्याहून मुलीचे वडील मुद्दाम आले होते. पांढरी टोपी, मांडीवर पिशवी, रेषेला लागूनच बसलेले. आणि रेफरी तेच सर.

त्यांनी यादी उघडली. पहिलं नाव, “शे.” दुसरं नाव, “शे.” सरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि पुकारत राहिले. फॉरवर्ड तेवढा छाती काढून ‘हाज़िर’ म्हणाला. माझ्या नावाला मी इतक्या जोरात ‘शे’ म्हणालो की जिनिंगवरची कबुतरं उडाली.

सरांनी पेनाचं टोपण लावलं. “एक हजर. दहा गैरहजर.”

“आम्ही समोर उभे आहोत, सर,” मी म्हणालो.

“दिसतंय. पण नियमात ‘दिसणे’ नाही, ‘हजर म्हणणे’ आहे.” त्यांनी खिशातून नियमांची पुस्तिका काढून पान दाखवलं. “सातपेक्षा कमी असले तर पंधरा मिनिटं वाट पाहायची. मग सामना समोरच्यांना. तोवर गैरहजर खेळाडूंनी मैदानात गर्दी करू नये.”

मी त्यांना माझं पत्रक दिलं. त्यांनी ते नीट वाचलं, एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारला आणि परत केलं. मला त्या क्षणी कळलं की हा माणूस माझ्यासारखाच आहे, आणि हे आमच्या संघाच्या दृष्टीने फार वाईट होतं.

पाच मिनिटं गेली. सात गेली. आम्ही दहा गैरहजर माणसं रेषेबाहेर ओळीने उभे. एकटा हजर फॉरवर्ड मधल्या वर्तुळात चेंडूवर पाय ठेवून उभा, जळगावच्या अकरांपुढे. नाना दुसऱ्या चेंडूत हवा भरायला जागा शोधत होते.

रेषेवर सासरेबुवांनी शेजाऱ्याला विचारलं, “हाऊ उभा शे ना? मंग काय व्हयनं?”

“गैरहजर लिखं त्याले,” शेजारी म्हणाला.

गैरहजर या शब्दाचा गिरणीतला अर्थ, म्हणजे काम गेलं, शिंदखेड्यापर्यंत सगळ्यांना माहीत होता. म्हातारा उठला, टोपी झटकली आणि पिशवी काखेला मारली.

गोलकीपर माझ्याजवळ आला. “भाऊ, सासरा उठना.”

“तत्त्वाचा प्रश्न आहे,” मी म्हणालो. आवाज मलाही जरा बारीक वाटला.

“तत्त्व कोठे जावाव नही, भाऊ. सकाय बी आठेच ऱ्हाई. पाचनी यष्टी निंघी जाई.”

मी काही बोलायच्या आत तो सरांपुढे जाऊन उभा राहिला, वाकला, आणि म्हणाला, “सर, मी हजर शे.”

सरांनी पेन उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. “वाक्यात ‘हजर’ आहे,” ते स्वतःशीच म्हणाले आणि खूण केली.

वाक्यात ‘शे’ही होतं, हे मी मोठ्याने सर्वांच्या लक्षात आणून दिलं. कोणी लक्ष दिलं नाही. सगळे रांगेने ‘हजर शे, हजर शे’ म्हणत आत चालले होते. असोद्याचा फुलबॅक ‘हजर हाये’ म्हणून माझ्याकडे न बघता गेला. शेवटी मी उरलो. मी म्हणालो, “शे,” आणि बऱ्याच वेळाने, “हजर.”

“उलट क्रम चालेल,” सर म्हणाले. “हे फुटबॉल आहे, व्याकरण नाही.”

म्हातारा पुन्हा बसला, पण पिशवी काखेतच ठेवून.

सामन्याबद्दल सांगण्यासारखं थोडं आहे. मध्यंतरात ठरावाप्रमाणे तीस केळी खाल्ली गेली आणि त्यानंतर फॉरवर्ड सोडून आमच्यापैकी कोणी पळू शकलं नाही. जळगावचे बघत राहिले. मग आमच्या फॉरवर्डने लाइन्समनशी उर्दूत वाद घालायला तोंड तिकडे फिरवलं असताना मी मारलेला, खरं तर बाहेर चाललेला चेंडू त्याच्या पाठीवर आदळून गोलमध्ये गेला. एक-शून्य. त्याला हे दोन मिनिटांनी सांगावं लागलं.

पुढचा अर्धा तास चेंडू आमच्याच बाजूला होता. उजेड उतरत चालला. गोलकीपरचं हात जोडणं अंधारात कोणाला दिसेना. एकदा त्याने आयुष्यात पहिल्यांदा सूर मारला, छातीखाली पांढरं काहीतरी घट्ट धरून पडून राहिला, आणि उठल्यावर त्याच्या हातात कापसाचा पुंजका होता. चेंडू दरम्यान बांबूला लागून परत गेला होता. तेवढ्यात सरांनी शिट्टी मारून खेळ थांबवला. चेंडू दिसत नाही.

पुस्तिका पुन्हा निघाली, आता टॉर्चच्या उजेडात. “तीन चतुर्थांश खेळ झाला असल्यास निकाल कायम.”

जळगावचा कॅप्टन चिडला, आणि त्याचं बरोबर होतं. “सर, यांनीच सुरुवातीला वेळ घालवला. नाहीतर उजेडात संपला असता.”

सरांनी यादी पाहिली. माझ्या विरोधकाला मी त्या वेळी जेवढा मान दिला तेवढा कोणाला दिला नसेल. ते म्हणाले, “त्या वेळी हा संघ गैरहजर होता. जो हजर नाही, तो वेळ कसा घालवेल?”

गोलकीपर धावत आला. “भाऊ, कोन कायम व्हयनं?”

“निकाल,” मी म्हणालो. “आणि तू.”

तो कापूस तसाच हातात घेऊन सासऱ्याकडे गेला. म्हाताऱ्याने पिशवी खाली ठेवली.

साहेबांनी शब्द पाळला. महिन्याभरात पत्र आलं, माघात लग्न लागलं. पुढच्या हंगामात, अ गटाच्या पहिल्या सामन्याआधी गोलकीपरने नानांना सांगितलं की तो आता खेळणार नाही. मी तडक त्याच्या घरी गेलो. ज्या संघाने तुला उभं केलं त्याच्याशी हे असं वागणं, वगैरे मी बरंच बोललो. त्याच्या बायकोने चहा ठेवला. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं.

“भाऊ, मी गोल अडवाले उभा नव्हतूच,” तो म्हणाला. “कायम व्हवाले व्हतू.”

गेटवर उभं राहावं लागू नये म्हणून माणूस गोलमध्ये उभा राहिला, आणि ते काम झालं. मी आयुष्यभर ज्यासाठी पत्रकं काढणार होतो ते त्याने एका हंगामात, हात जोडून, मिळवलं होतं. मी चहा प्यायलो.

संघात त्याच्या खालोखाल उंच मीच निघालो. अ गटाच्या पहिल्या सामन्यात मी गोलमध्ये उभा होतो. नवरा-बायको बघायला आले होते, रेषेला लागूनच बसले होते. नववा गोल झाल्यावर त्याने मला लांबूनच हात केला आणि दोघं उठली. त्याची दुपारची पाळी होती, आणि आता त्याला आपली जागा गेटवरच्या कोणा बदलीला मिळू द्यायची नव्हती.