भरपगारी शिमगा

वहिनींनी मला पगारी रजा देऊ केली तेव्हा मी घाबरलेच. ज्यांनी कधी दुसऱ्याचं मूल सांभाळलेलं नाही त्यांना हे खूळ वाटेल. पण आमच्या कामात घरची बाई "आठवडाभर येऊ नका, पगार कापणार नाही" असं गोड बोलली की समजायचं, आता गाशा गुंडाळायचा. मला अनुभव होता. आधीच्या घरी असंच झालं. "मावशी, तुम्ही फार दमता, जरा आराम करा," म्हणाले. मी वेडी आनंदानं घरी बसले, आणि परत गेले तर बाळ पाळणाघरात जायला लागलेलं. एक स्टीलचा डबा हातात देऊन त्यांनी मला दारातूनच वाटेला लावलं. डबा चांगला आहे, अजून वापरते. पण त्या बाळाचं तोंड पुन्हा बघायला मिळालं नाही.

म्हणून या वेळी मी सावध होते. हे घर रत्नागिरीत, तिसऱ्या मजल्यावरचं. वहिनी बँकेत, दादा जयगडच्या बंदरात. सकाळी कंपनीची गाडी दादांना आरे-वारेच्या रस्त्यानं घेऊन जायची ती संध्याकाळीच आणून सोडायची. मधला सगळा दिवस मी आणि बाय. बाय म्हणजे त्यांची मुलगी, तेव्हा दोन वर्षांची होत आलेली. वहिनींची बाळंतपणाची रजा संपली तेव्हापासून ती माझ्या हातात. तिचं पत्रिकेतलं नाव मोठं झोकदार आहे, पण मी पहिल्याच दिवशी बाय म्हटलं आणि पुढं तिचे आईबापही बायच म्हणायला लागले.

बाहेरच्या साडीनं मुलाला घ्यायचं नाही, हा माझा नेम. रिक्षातली धूळ आणि मासळीबाजाराचा वास घेऊन आलेला पदर लेकराच्या तोंडाला कशाला लावायचा? घरात नेसायची एक निळी सुती साडी, धुऊन धुऊन मऊ झालेली, मी त्यांच्या बाथरूमच्या दारामागं टांगून ठेवली होती. सकाळी मी दारात आले की बाय दोन्ही हात वर करून धावत यायची आणि मी तिला तिथंच थोपवायची. "थांब. आधी हात, मग साडी, मग बाय." सुरुवातीला ती असं भोकाड पसरायची की खालच्या मजल्यावरचे वर बघायला यायचे. पुढं पुढं शहाणी झाली. मी आले की बाथरूमच्या दाराशी जाऊन उभी राहायची, आणि मी साडी बदलून बाहेर आले की पायाला मिठी मारायची.

रजेचा विषय वहिनींनी काढला, मी नाही. माझं गाव खेडच्या पुढं, आत. नवरा गेल्यापासून घराला कुलूप, मुलगा मुंबईत, तो येतो गणपतीला. शिमग्यात गावदेवीची पालखी घरोघर जाते. माझ्या अंगणातही यायची, पण तिची ओटी माझ्या वतीनं शेजारची जाऊ भरायची. मी बंद दाराची मालकीण, रत्नागिरीत दुसऱ्याच्या घरी वरणभात कालवत बसलेली. रजा मागायची तर मार्च महिना. मार्चात बँकेत वहिनींची मान वर होत नाही, आणि माझा शिमगा नेमका मार्चात. त्यात पालखीचा दिवस सांगता येत नाही. आज येणारी पालखी वरच्या वाडीत रमली की परवा येते.

हे सगळं मी एकदा बोलता बोलता बोलून गेले, तर वहिनी म्हणाल्या, "मावशी, आम्हा दोघांना रजा मिळते आणि पगारही चालू राहतो. तुम्हाला का नाही मिळायची? आठ दिवस जाऊन या. पगार कापणार नाही."

"हवा तर कापा," मी म्हटलं.

"नाही कापणार म्हटलं ना!" त्या हसल्या.

कापला असता तर मी निर्धास्त गेले असते. कारण पगार कापणाऱ्याला आपण परत यायला हवे असतो.

मग संशयाला जागा मिळेल अशा एकेक गोष्टी घडायला लागल्या. रविवारी दादा माझ्यासमोर मांडी घालून बसले आणि बायला झोपवायचं कसं ते शिकायला लागले. कुठल्या कुशीवर, थोपटायचं किती जोरात, मऊभातात तूप आधी की मीठ आधी. एवढा मोठा माणूस, बंदरात मोठाल्या जहाजांची कामं बघणारा, आणि भाताची पातेली पुढ्यात घेऊन घाम पुसतोय. मला हसूही आलं आणि रागही. माझ्याकडून सगळं शिकून घेतायत आणि मला नारळ देतायत, असं मनात आलं. निघायच्या आदल्या दिवशी वहिनी म्हणाल्या, "मावशी, तुमच्याकडची किल्ली तेवढी ठेवून जाल?" झालं. मी किल्ली टेबलावर ठेवली. निळी साडी मात्र मुद्दाम दारामागं तशीच राहू दिली. उद्या काढून टाकलंच, तर साडी न्यायला तरी मला या घरात एकदा येता येईल.

गावाला पोचले तर अंगणात पाचोळ्याचा ढीग आणि पडवीत कोंबड्यांचा मुक्काम. दोन दिवस झाडण्यात आणि सारवण्यात गेले. जाऊ मदतीला आली ती तोंडाचा पट्टा घेऊनच. मी रजेची हकीकत सांगितली तर तिनं शेणाचा हात कपाळाला लावायचा तेवढा बाकी ठेवला.

"पगार देतायत आणि कामाला येव नुको म्हनतायत? असा कोन करता गो? तुला काढलानी, लिवून घे."

"वहिनी तशा नाहीत."

"तशी कोन नसता. किल्ली घेतलानी ना? मंग?"

मी चिडून म्हटलं, तुझं तोंड आधी सारवायला पाहिजे. ती खदखदून हसली, पण तिचं म्हणणं माझ्या डोक्यातून जाईना. फोनला रेंज फक्त देवळाच्या वरच्या कातळावर. रविवारी तिथं उन्हात उभी राहून मी वहिनींना फोन लावला. "इकडची काही काळजी करू नका, सगळं मस्त चाललंय, तुम्ही आराम करा," असं घाईघाईत बोलून त्यांनी फोन ठेवलासुद्धा. मागं बाय खिदळत होती. मूल हसतंय म्हटल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला. परत आले आणि जावेचं अंगणसुद्धा झाडून काढलं.

पालखी आली ती ऊन कलताना. ढोल आधी ऐकू आला, मग वळणावर गुलाल दिसला. कित्येक वर्षांनी शिमग्यात माझ्या घराचं दार उघडं होतं आणि उंबऱ्यात मी उभी होते. मुंबईहून आलेल्या पोरांनी पालखी अंगणात नाचवली, मग पाटावर टेकवली. मी देवीची ओटी भरली. मग गावकार, म्हणजे ज्याला घरच्यांच्या वतीनं देवापुढं गाऱ्हाणं घालायचा मान आहे तो म्हातारा, माझ्याकडं वळला.

"वयनी, काय सांगायचा देवीला?"

मी ठरवून ठेवलं होतं. मुलाचं लग्न होऊ दे, आणि माझी नोकरी राहू दे. पण तोंड उघडलं आणि निघालं भलतंच. "ती पोर मला विसरू नये," मी म्हटलं, आणि सगळ्या वाडीसमोर माझे डोळे भरून आले.

"कंची पोर?" गावकार गोंधळला.

"रत्नागिरीची," जाऊ मागून म्हणाली. "ही सांभालता ती." तिचा आवाज एकदम मऊ झाला होता.

गावकारानं घसा खाकरला आणि हात जोडले. "बा देवी महाराजा! ह्या तुज्या लेकीन तिकडं रत्नागिरीत एक पोर हातावर वाढवलीन हाय. तिची पोटची नाय, पन मायेत कमी नाय. त्या पोरीच्या मनात हिची वळख हाय तशीच ऱ्हाव दे रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" अख्खी वाडी ओरडली. माझ्यासाठी एवढी माणसं एकदम कधी ओरडली नव्हती. त्या रात्री मी शांत झोपले.

आठवडा संपल्यावर ओले काजूगर आणि देवीच्या नारळाचा प्रसाद घेऊन मी रत्नागिरीत उतरले. जिने चढताना दोनदा थांबले. किल्ली नव्हती, म्हणून बेल वाजवली. दार दादांनी उघडलं. कामाचा वार आणि दादा घरात, दाढी वाढलेली, सदऱ्याला केळं लागलेलं, कडेवर बाय.

"मावशी! या, या. बसा." त्यांनी मला सोफ्यावर बसवलं आणि चहा करायला आत गेले. इतक्या दिवसांत मी त्या सोफ्यावर बसले नव्हते. पाहुणी झाले म्हणजे काम संपलं, हे मला कुणी सांगायला नको होतं.

बाय खाली उतरली होती. मी हात पुढं केले. "बाय, ये गो." तिनं माझ्याकडं डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. मग पाठ फिरवली आणि चालत जाऊन बाथरूमच्या दाराशी भिंतीला टेकून उभी राहिली. आली नाही. मी पुन्हा बोलावलं, तिनं मान हलवली. एवढी वाडी ओरडली त्याचा काय उपयोग झाला, असं मनात आलं. दादा चहा घेऊन आले तेव्हा मी उठून उभी होते.

"दादा, माझी साडी तेवढी द्या. मी निघते."

"निघता? कुठं?" दादा कप हातात धरून तसेच उभे. "आणि साडी... मावशी, रागावू नका. धुवायची राहिली. त्या साडीशिवाय ही झोपतच नव्हती. पहिल्या दुपारी रडून रडून दारामागून ओढून काढलीन. मी माझी सगळी रजा टाकून घरी बसलोय, आणि ही माझ्याजवळ नाही, तुमच्या साडीवर झोपते."

बोलणं होईस्तोवर बाय आतल्या खोलीत जाऊन आली होती. निळ्या साडीचं एक टोक मुठीत, बाकीची साडी मागं फरशीवरून फरफटत. ती येऊन माझ्यापुढं थांबली, पण मला शिवली नाही. साडी माझ्या पायांवर टाकली, बाथरूमकडं बोट केलं आणि मला रागानं सुनावलं, "हात." मग साडीवर बोट ठेवलं, "शाडी." मग स्वतःच्या छातीवर चापट मारली. "मग बाय."

पोर मला विसरली नव्हती. मीच माझा नेम विसरून बाहेरच्या साडीत तिला हाका मारत बसले होते.

मी बाथरूममध्ये गेले, हात धुतले, दार लावून घेतलं आणि साडी नेसता नेसता पोटभर रडले. साडीला केळ्याचा, दुधाचा आणि बायचा वास येत होता. बाहेर ती दारावर थापा मारत होती. बाहेर आले तशी तिनं पायाला अशी मिठी मारली की मला चालता येईना. मिठी सोडवून मी तिला उचललं, आणि दादांनी टेबलावरची किल्ली माझ्यापुढं सरकवली. "माझी त्या दिवसांत ऑफिसात हरवली होती म्हणून तुमची मागितली," ते म्हणाले. "आणि मावशी, पुढची रजा कधी ते आधी सांगत जा. मला सायबाकडं अर्ज टाकायला लागतो."

संध्याकाळी वहिनी बँकेतून दमूनभागून आल्या, त्यांना पाणी दिलं आणि बायला कडेवर घेऊनच सांगितलं, गणपतीत गौरी जाईपर्यंत मी नाही, आणि पगार कापायचा नाही.