हेडसेटमधली बाळंतीण

इथले भुताखेतांचे अनुभव मी वर्षभर वाचतेय आणि खरं सांगू... निम्म्यांवर हसलेय. आम्ही उमरेडचे, बाबांचा हातमाग होता. भूतबित मानायला घरात कोणाला फुरसतच नव्हती. पुढे मी नर्स झाले. मेलेल्या माणसांना पुसून, गुंडाळून खाली शवागारात पाठवणाऱ्या बाईला कसली आली भीती! तरी लिहितेय, कारण जे झालं ते भरदिवसा, सकाळी अकरा वाजता झालं.

आधी एक गोष्ट सांगावी लागेल, जी मी नवऱ्यालाही सांगितलेली नाही. वॉर्डात आम्ही सगळ्याच एक आळशीपणा करायचो. नाडी बघायची, बीपी घ्यायचं, पण श्वास मोजायला मिनिटभर कोण उभं राहणार? चार्टवर सरळ 'वीस', म्हणजे नॉर्मल, लिहून मोकळं व्हायचं. पंधरा वर्षांपूर्वी एक बाळंतीण मला म्हणाली, "सिस्टर, दम लागून राहिला." मी म्हटलं, "पडून राहा, होईल कमी." आणि वीस लिहिलं. दोन तासांत ती गेली. चार्ट बघून डॉक्टर म्हणाले, अचानक झालं. मी गप्प बसले.

आता मी जरीपटक्याकडच्या एका नर्सिंग कॉलेजात शिकवते. गेल्या वर्षी आमच्याकडे व्हीआरचे हेडसेट आले. डोळ्यांवर चढवला की समोर वॉर्ड, पलंग, पेशंट... पोरींनी त्याला तपासायचं आणि आकडे बोलायचे, मी ते कागदावर घ्यायचे. त्यांना काय दिसतंय ते मला लॅपटॉपवर दिसतं. पेशंट एकच — पोटाचं ऑपरेशन झालेला गोरा म्हातारा, इंग्रजीत चार वाक्यं बोलणारा.

इंटर्नल परीक्षा होती. प्रणालीचा नंबर आला. नरखेडकडची, संत्र्याच्या बागवाल्यांची पोरगी, एकदम साधी. हेडसेट चढवला आणि थबकलीच.

"मॅडम, पेशंट बदलवला का? इथं तर बाई हाये."

लॅपटॉपवर म्हाताराच होता. मी खेकसले, "काहून नाटकं करून राहिली वं? श्वास मोज."

तिनं मोजला. पूर्ण मिनिटभर उभी राहून.

"चव्वेचाळीस. मॅडम, लय दम लागून राहिला तिले. म्हणते, म्या सांगतलं होतं सिस्टरले..." मग हळूच म्हणाली, "मुठीत बाळाची टोपी धरून हाये."

तशी टोपी त्या बाळंतिणीच्या मुठीतून मीच सोडवली होती, ती गेल्यावर. पडदा ओढलेला होता, आत मी एकटी होते. हे कुठल्याही कागदावर नाही.

मी हेडसेट तिच्या डोक्यावरून ओढूनच घेतला आणि स्वतः घातला. म्हातारा. "गुड मॉर्निंग, नर्स." छाती निवांत वरखाली होत होती. दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस येऊन सगळं तपासून गेला. त्या प्रोग्राममध्ये बाईचं चित्रच नाही म्हणाला, मराठी आवाज तर लांबच.

प्रणालीचा कागद माझ्यापुढे पडला होता. म्हाताऱ्याचं बरोबर उत्तर होतं अठरा. मी चव्वेचाळीसवर काट मारली आणि तिला नापास केलं. बरोबर दिलं असतं तर कसं बरोबर ते सांगावं लागलं असतं ना! पंधरा वर्षं खरं लपवून नोकरी सांभाळली, तीच पुन्हा सांभाळली. लाज वाटते हे लिहिताना.

निकाल सांगितला तेव्हा पोरगी रडली, पण भांडली नाही. सगळ्या गेल्यावर लॅबच्या दारात घुटमळत राहिली. मला वाटलं, मार्कांसाठी विनवणी करेल.

"मॅडम, एक विचारू का? नापास तं नापास. पण ती बाई वाचली ना?"

ते काय होतं, मला आजही कळलेलं नाही. प्रणालीला ती का दिसली, मला का नाही, तेही नाही. कोणाला माहीत असेल तर सांगा... पण मी त्या पोरीच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "हो, वाचली."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि ओढणीनं डोळे पुसत जिना उतरून गेली.