लाल शिडाच्या गलबताचा शेवट

भुसावळला उतरलो तेव्हा सकाळचे दहाही वाजले नव्हते आणि फलाटाची फरशी चपलेतून पोळत होती. पुण्याहून इतक्या लांब आलो कशासाठी, तर एका चित्रकथेचं शेवटचं पान बघायला!

त्या वर्षांत मी चित्रकथांच्या शौकिनांसाठी सायक्लोस्टाइल केलेलं एक पत्रक काढत असे. वाचक जुन्या-नव्या कॉमिक्सवर लिहीत, भांडत. मी छापत असे. पण वर्षभर दोघांनी उच्छाद मांडला होता. एक सावद्याचे केळी बागायतदार हेमराजभाऊ, दुसरे धुळ्याचे चित्रकलेचे शिक्षक शिरसाठ मास्तर. वाद ‘लाल शिडाचं गलबत’ या तीस वर्षांपूर्वीच्या, तीन भागांच्या चित्रकथेवर. हेमराजभाऊंचं म्हणणं, शेवटी भिवा खलाशी घरी परततो. मास्तरांचं म्हणणं, गलबत बुडतं आणि भिवाही. तिसरा भाग आपल्याकडे आहे असं दोघंही शपथेवर लिहीत, पण टपालानं पाठवायला एकही तयार नाही. माझ्याकडे पहिले दोनच भाग. नव्या कॉमिक्सवर कोणी चार ओळी लिहिल्या, तरी हे दोघं तिथेही भिवाला आणत. वाचक कंटाळून गळू लागले, तेव्हा मी रजा टाकून निघालो.

सावद्याला हेमराजभाऊ बसस्टँडवर हजर होते. चाळिशीचे, उंच, बोलके. त्यांनी आधी मला केळीच्या बागेत हिंडवलं, मग घरी नेऊन कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली) आणि लालभडक शेवभाजी वाढली. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. तिसऱ्यांदा विचारलं, “भाऊ, पुस्तक?”

“हाये ना. पन इथं नाही. बोदवडले हाये, अक्काकडे.”

“हे पत्रात लिहायचं नाही का?”

“तुम्ही विचारलंच कुठं?”

दुसऱ्या दिवशी बोदवड. अक्का म्हणजे हेमराजभाऊंची थोरली बहीण. तिनं ट्रंकेतून जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. मी अधीर होऊन मागून उघडलं. वादळात गलबत कलंडलेलं, आणि पुढे नुसतीच गंजलेली टाचणी. शेवटची चार पानं नव्हतीच!

मी हेमराजभाऊंकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

“आनलं तव्हाच नव्हती पानं,” ते म्हणाले.

“मग भिवा घरी आला हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“मी,” अक्का म्हणाली. “हा नऊ वर्साचा व्हता. टायफाइडनं अंथरुनाले खिळेल. पानं नाहीत म्हनून रडे, औषध घेईना. मले वाचता येत नाही. मी चित्रं पाहिली, अन पुढचं सांगतलं.”

माझा पारा चढला. “भाऊ, जो शेवट कुठे छापलेलाच नाही, त्यावर मी वर्षभर पानंच्या पानं छापली! मास्तरांना तुम्ही आंधळे म्हणालात!”

हेमराजभाऊ हळूच म्हणाले, “मले तोच शेवट माहीत हाये. दुसरा वाचलाच नाही मी.”

मी पिशवी उचलली. दारात अक्कानं थांबवलं.

“धुळ्याले खरा शेवट सापडला तं मले कळवा. खोटं लिहू नका.”

धुळ्याची वाट लांब आणि उन्हाची. पारोळ्याला उसाचा रस प्यायला उतरलो आणि माझी पिशवी घेऊन बस पुढे गेली. चूक माझीच होती, पण शिव्या मनातल्या मनात हेमराजभाऊंना दिल्या. पिशवी धुळ्याच्या स्टँडवर मिळाली, सोबत आणलेले माझे दोन्ही भाग आत सुखरूप होते.

मास्तरांनी तिसरा भाग आधीच टेबलावर मांडून ठेवला होता. अखंड, कव्हर घातलेला. शेवटच्या पानावर काळं पाणी आणि तरंगणारी लाल चिंधी. मास्तर जिंकले होते.

“बठ्ठं वाचेल शे मी! (सगळं वाचलंय मी!) आता छापा!”

मी अक्काची हकिगत सांगितली. मास्तर ताडकन उठले. “म्हणजे वर्षभर मी एका न शिकलेल्या बाईशी भांडत होतो?” मग त्यांनी ते शेवटचं पान माझ्याकडे वळवलं. “खरं सांगू? मलाही हा शेवट आवडत नाही. पण छापलेला आहे.”

“हे आधी का नाही लिहिलंत?”

“त्यांनी मला आंधळा म्हटलं होतं.”

मी कपाळावर हात मारला.

पुण्याला परतल्यावर पहिलं पत्र अक्काला लिहिलं, जे पाहिलं ते तसंच. ते वाचून दाखवणार हेमराजभाऊ, हे ठाऊक असूनही लिहिलं. तिनं मागितलं होतं आणि ते टाळायचा हक्क मला नव्हता. हेमराजभाऊंकडून त्यांचा लहानपणीचा शेवट हिरावून घेतोय हे मात्र टोचत राहिलं.

पंधरवड्यानं हेमराजभाऊंचं कार्ड आलं. मास्तरांची त्यांनी माफी मागितली होती. खाली लिहिलं होतं, ‘अक्का म्हणते, चित्रं काढणारा दमला असंल, म्हणून बुडवलं. घरी आणायचं तर अजून दहा पानं काढावी लागली असती.’

इतकी वर्षं मी परीक्षणं छापली. कोणाला हे सुचलं नव्हतं. मी ते अक्काच्या नावानं पहिल्या पानावर घेतलं आणि वाद संपल्याचं खाली ठळक अक्षरांत जाहीर केलं.

आठवड्याच्या आत मास्तरांचं सात पानी उत्तर आलं. दहा पानं पुरली नसती, असं त्यांचं म्हणणं होतं.