मामाजींची शेवटची आंघोळ

माझ्या सासऱ्यांना लिंगाचा कॅन्सर झाला होता.

किडनीचा नाही. आतड्याचा नाही. आम्ही सगळ्यांना जे जे सांगत होतो, त्यातलं काहीच नाही.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. वरूडचं वर्षश्राद्ध आटोपून आत्ताच अकोल्याला पोचलो. हे लिहिताना अजूनही मान खाली जाते.

मामाजी, म्हणजे वासुदेवराव. वरूडला संत्र्याची बाग. मामी आधीच गेल्या होत्या. मुलगा नाही. एकच लेक, वैशाली, माझी बायको.

लग्नात त्यांनी माझे पाय धुतले होते. त्यानंतर माझ्यासमोर कधी पाय पसरून बसले नाहीत. जावयाचा मान त्यांच्या लेखी इतका मोठा.

आजार कळला त्या दिवाळीत ते अकोल्याला, जठारपेठेत, आमच्याकडे आले, तर सोफ्यावर बसेचनात. गॅलरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचे. स्वतःची लुंगी स्वतः धुवायचे. अंगाला अत्तराचा भपकारा.

वैशालीला वाटलं, बाबा रुसले.

एका सकाळी त्यांच्या चादरीवर मला रक्त दिसलं. काय झालं, असं विचारलं. ते भिंतीकडे बघत बोलले.

"जखम हाये. खालच्या जागी. वैशूले सांगू नोका."

वर्षभरापासून होती. हळद लावली, खोबरेल लावलं, मेडिकलवाल्याने दिलेलं मलम लावलं. डॉक्टरकडे गेले नाहीत, कारण तिथे धोतर सोडावं लागलं असतं.

फक्त तेवढ्यासाठी.

अकोल्यात बायोप्सी झाली. मग नागपूर. तिथले डॉक्टर स्पष्ट बोलले. गाठ फार वाढली आहे, जांघेतही पसरली आहे, आज ऑपरेशन केलं तर सगळं निघणार नाही. एक प्रयत्न करता येईल. जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी सरकवायची आणि केमोचं औषध थेट गाठीला रक्त पुरवणाऱ्या नसेत सोडायचं. गाठ आकसली तर मग ऑपरेशन. हा उपचार सर्रास होत नाही, गॅरंटी नाही, हेही त्यांनी सांगितलं.

मामाजी इतका वेळ खाली बघत होते. तेव्हा पहिल्यांदा बोलले. "म्हंजे ठिबक. पाणी झाडाच्या बुडाशीच."

डॉक्टर हसले. मामाजी नाही हसले.

नळी घालताना त्यांना शुद्ध होती. आजूबाजूला सिस्टर, टेक्निशियन. मामाजींनी आपला गळ्यातला शेला मागून घेतला आणि तोंडावर ओढला. पुढच्या प्रत्येक वेळी तसंच.

घरी ड्रेसिंग मी करायचो. वैशालीला ते खोलीत येऊ देत नव्हते. पहिल्या दिवशी वास सहन झाला नाही. मी बेसिनकडे पळालो. परत आलो तर ते तसेच, शेल्याखाली. ड्रेसिंग झाल्यावर उठून माझ्या पायाला हात लावायला वाकले. मी मागे सरकलो. दोघांनाही एकमेकांकडे बघवेना.

आणि औषध लागू पडलं.

जखम सुकत गेली. वास गेला. एक दिवस ऑफिसमधून आलो तर मामाजी सोफ्यावर बसून टीव्ही बघत होते. वैशाली किचनमध्ये जाऊन रडली.

डॉक्टर म्हणाले, आता ऑपरेशन करता येईल. पण पूर्ण काढावं लागेल. लघवीला खालून वाट करून देऊ, बसून करावी लागेल.

मामाजी नाही म्हणाले. खूप समजावलं. शेवटी गाडीत, परतताना, कारण सांगितलं.

"मेल्यावर आंगणात आंघोळ घालतीन. तवा सगळे पायतीन."

मी म्हणालो, मी घालीन. दार लावून. दुसरं कोणी येणार नाही.

"शब्द द्या, जवाईबापू."

दिला.

ऑपरेशन झालं. नंतरचे काही महिने चांगले गेले. वरूडला बागेत जायचे, बहार बघायचे, व्यापाऱ्याशी भांडायचे. मग जांघेतल्या गाठी पुन्हा वाढल्या, छातीपर्यंत पोचल्या. वरूडच्या घरीच त्यांनी प्राण सोडला.

अंगणात पाणी तापत होतं. भावकी जमली होती. मी म्हणालो, आंघोळ आत, मी एकटाच घालतो.

मामाजींचे चुलत भाऊ, गुलाबराव काका, समोर आले. "जवायानं पाणी घालाचं नसते. आमी मेलो का?"

चूक त्यांची नव्हती. रीतच तशी आहे. त्यांना कारण हवं होतं आणि माझ्या तोंडून ते निघेना. मी नुसता दार अडवून उभा.

तेव्हा वैशाली बायकांमधून उठून आली. तिला आम्ही खरं कधीच सांगितलं नव्हतं. तिला सगळं माहीत होतं. चादरी तीच धूत होती.

"बाबाले लिंगाचा कॅन्सर होता, काका. कापलं होतं. त्यायले ते कोणाले दाखवाचं नव्हतं. हेच आंघोळ घालतीन."

भर अंगणात. बायका-माणसांसमोर.

मला लाज वाटली. खरं सांगतो, त्या क्षणी वाटलं हिने बोलायला नको होतं.

गुलाबराव काकांनी गरम पाण्याची बादली उचलली, दाराशी आणून ठेवली आणि दाराकडे पाठ करून उभे राहिले. एकेक करत अंगणातल्या सगळ्या पुरुषांनी पाठ फिरवली.

मी दार लावलं. मामाजींच्या तोंडावर शेला टाकला आणि पाणी घातलं.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी गुलाबराव काका मला बागेच्या टोकाला घेऊन गेले. बराच वेळ संत्र्याबद्दल बोलले. मग म्हणाले, "मलेई दाखवा लागते डॉक्टरले. तिथंच."

गाठ लहान होती. छोट्या ऑपरेशनमध्ये निघाली.

आज ते पंगतीत वाढत होते.

ही पोस्ट टाकू का, असं वैशालीला विचारलं. ती म्हणाली, टाका, आणि बाबाचं नाव लिहा.

मामाजी, शब्द आंघोळीचा होता. तो पाळला. बाकीचं तुमच्या लेकीने सांगून टाकलंय.

वासुदेवराव, वरूड. तुमच्या जावयाचा साष्टांग नमस्कार.