इब्रीचा फुटबॉल महोत्सव: बूट घालून खुर्चीवर

ओमानमधल्या इब्रीला जायचं ठरलं ते मुक्तामुळे. मुक्ता माझी मुलगी. मस्कतमधल्या अल् घुब्राच्या आमच्या गल्लीत फुटबॉल खेळणाऱ्या पोरांच्या टीममधली ती एकुलती एक मुलगी. तेरा वर्षांखालच्या टीममध्ये मुलामुलींनी एकत्र खेळलेलं चालतं, त्यापुढे नाही. मुलींची वेगळी टीम आमच्याकडे कुणी काढलेली नाही आणि मुक्ताला पुढच्याच महिन्यात तेरावं पूर्ण होत होतं. म्हणजे इब्रीची मॅच ही तिची या टीमबरोबरची शेवटची. बाईसाहेब आठवडाभर आधीपासून बूट उशाशी घेऊन झोपत होत्या.

निमंत्रण इब्रीतल्या आपल्या लोकांच्या एका मंडळाचं होतं. ‘भव्य स्पॅनिश फुटबॉल महोत्सव! मुलांचे सामने! स्पॅनिश कोचची उपस्थिती!’ उद्गारचिन्हं पाहूनच मला शंका यायला हवी होती.

नवरा सोहारला साइटवर, त्यामुळे गाडी मी घेतली. जाणाऱ्यांसाठी सांगते. शुक्रवारी सकाळी लवकर निघालात तर रस्ता रिकामा मिळतो. मस्कतहून निझवापर्यंत दोन्ही बाजूंना डोंगर, मग बहला, मग उघडं माळरान. मध्ये थांबे घेत चार तास धरा. वेगाचे कॅमेरे जागोजागी आहेत, रस्ता कितीही मोहात पाडो, पाय आवरा. इझकीच्या अलीकडे पेट्रोल पंपाला लागून चहाची टपरी आहे, तिथला चीज आणि चिप्स घातलेला गरम पराठा चुकवू नका. इथल्या दाट, उकळलेल्या करक चहाबरोबर तो खाल्ला की जेवण उशिरा मिळालं तरी चालतं. बहलाचा मातीचा किल्ला गाडीतूनही दिसतो. मला उतरायचं होतं, पण मागच्या सीटवरून फर्मान आलं, “आई, नो स्टॉपिंग!”

मागच्या सीटवर मुक्ता आणि तिचा टीममेट रेहान. दोघांची गाडीभर स्पॅनिश लीगची चर्चा, अर्थातच इंग्रजीत. लीगमधली एक मॅच अमेरिकेत नेऊन खेळवायचं घाटत होतं आणि खेळाडू चिडले होते. “त्यांना कुणी विचारलंच नाही!” असं मुक्ता मला मुद्दाम मराठीत सांगत होती. तिचा दुसरा राग माद्रिदवाल्यांवर. कोवळ्या वयाची पोरं वाजतगाजत आणायची, फोटो काढायचे आणि बाकावर बसवून ठेवायचं. “आई, एकेक जण एवढा छान खेळतो आणि ते त्याला फक्त बसवतात. मग घेतला का?” मी म्हटलं, मोठ्यांचं काही सांगता येत नाही बाई.

दुपारी इब्रीत पोचलो. शुक्रवारची नमाज आटोपून बाजार नुकता उघडत होता. इस्माईलभाईंनी जेवायला बोलावलं होतं. ते हर्णैचे, गेली कित्येक वर्षं इब्रीत त्यांचं कापडाचं दुकान आहे. माझ्या नवऱ्याची त्यांच्याशी जुनी ओळख. नारळाच्या रसातली माशांची आमटी आणि भात. इब्रीच्या वाळवंटात हर्णैची चव मिळाली म्हणून मी खूश होते, तेवढ्यात ते हसत म्हणाले, “वैनी, पोरांना घाई करू नका. आज काय खेळबीळ होत नाय.”

“म्हणजे?”

“अवो, मंडळानं काल माझ्याकडनं दोन डझन शाली नेल्या. तवाच मी वळखलं.”

मी हसण्यावारी नेलं. पुरस्काराला लागत असतील, म्हटलं.

कार्यक्रम एका हॉलमध्ये होता. हॉलच्या मागेच कृत्रिम गवताचं सुंदर हिरवं मैदान, जाळ्या लावलेले गोल, पांढऱ्या रेघा. ते सूर्यास्ताच्या, म्हणजे मगरिबच्या अजानपर्यंत मंडळाच्या नावावर होतं, त्यानंतर स्थानिक ओमानी मुलांचं बुकिंग. थंडीचे दिवस, अंधार लवकर. म्हणजे हाताशी वेळ बेताचाच. पोरं मैदानाकडे पळाली तर दारात एक स्वयंसेवक उभा. “पहले हॉल में बैठो. उद्घाटन है.”

बसली पोरं. चार गावांहून आलेली, टीमच्या जर्सीत, पायात बूट आणि गुडघ्यापर्यंत मोजे घालून, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर ओळीने. प्रमुख पाहुणे यायचे होते म्हणून आधी थांबलो. ते आले, मग दीपप्रज्वलन. वारा लागून समई दोनदा विझली. मग स्वागतगीत. मग मंडळाचे सेक्रेटरी पेडणेकरसाहेब यांचं प्रास्ताविक, त्यात मंडळाचा जन्मापासूनचा इतिहास. मग सत्कार. अध्यक्षांचा, पाहुण्यांचा, पाहुण्यांना घेऊन आलेल्यांचा, हॉल देणाऱ्याचा, माइकवाल्याचा. पेडणेकरसाहेबांनी अध्यक्षांचा केला, अध्यक्षांनी पेडणेकरसाहेबांचा केला. स्पॅनिश कोच पाब्लो म्हणून एक तरुण मुलगा होता, मस्कतमध्ये शिकवणारा. त्याच्या ट्रॅकसूटवर शाल पांघरली आणि हातात नारळ दिला. तो बिचारा नारळ दोन्ही हातांत धरून खिडकीबाहेरच्या मैदानाकडे बघत बसला.

माझं डोकं तापायला लागलं होतं. आपल्या लोकांना हे कधी कळणार? समुद्र ओलांडून आलो, भाषा बदलली, पगार बदलला, पण माइक दिसला की उठून बोलायचं आणि शाल दिसली की वाकायचं हे काही सुटत नाही. लग्न असो, रक्तदान असो की फुटबॉल, कार्यक्रम एकच. फक्त मागचा बॅनर बदलायचा.

भाषणं संपली तर मैदान नाही, प्रश्नमंजूषा निघाली. विषय काय, तर ‘स्पॅनिश फुटबॉल: तरुण तारे आणि चालू घडामोडी’. पडद्यावर एकेक स्लाइड. मुक्ताच्या टीमला विचारलं, अमुक तरुण खेळाडू सध्या कोणत्या क्लबकडून खेळतो? मुक्ता उभी राहिली. “सर, तो लोनवर गेला. या सीझनला दुसऱ्या क्लबमध्ये आहे.”

पेडणेकरसाहेबांनी स्लाइड पाहिली. “चूक! बरोबर उत्तर, माद्रिद.”

“नो सर, लास्ट इयर तो माद्रिदला...”

“बेटा, उत्तर स्लाइडवर आहे तेच धरायचं.”

पाब्लोने हात वर केला. मुलगी बरोबर सांगते आहे, असं तो इंग्रजीत म्हणाला. त्याचंही कुणी ऐकलं नाही. चालू घडामोडींची प्रश्नमंजूषा, उत्तरं गेल्या वर्षीची आणि स्पेनहून आलेला माणूस मंचावर बसलेला! मुक्ता खाली बसली आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागली. खिडकीबाहेर ऊन पिवळं पडत चाललं होतं.

आता मात्र मी उठले. हॉलच्या मध्यातून जोरात विचारलं, “पेडणेकरसाहेब, पोरं खेळणार कधी? अंधार पडतोय. चार-चार तास गाडीत बसून आलीयेत ती, तुमची भाषणं ऐकायला नाही.”

पेडणेकरसाहेब क्षणभर गडबडले, पण मुरलेला माणूस. माइक तोंडाशी नेऊन म्हणाले, “मस्कतहून खास आलेल्या आपल्या भगिनी. मुलीला खेळात प्रोत्साहन देणारी माता! मी त्यांना विनंती करतो, मंचावर यावं.” टाळ्या सुरू झाल्या. दोन बायकांनी मला दंडाला धरून जवळजवळ उचललंच. माझ्या हातात पुष्पगुच्छ आला, खांद्यावर शाल आली, समोर कॅमेरा आला. मी काही बोलायच्या आत निवेदिकेने पुढच्या सत्काराचं नाव पुकारलंसुद्धा.

मी मंचावरून उतरले तेव्हा अजान सुरू झाली होती.

आम्ही मैदानापाशी गेलो तेव्हा तिथले दिवे लागले होते. नमाज आटोपून ओमानी मुलं आली होती, निम्मी माद्रिदच्या पांढऱ्या जर्सीत, निम्मी बार्सिलोनाच्या निळ्या-लाल पट्ट्यांत. त्यांच्या कप्तानाने आमच्या स्वच्छ कपड्यांतल्या पोरांकडे पाहिलं आणि मोडक्या हिंदीत विचारलं, “मॅच खलास?”

“शुरू ही नहीं हुआ,” मुक्ता म्हणाली.

त्याला ते आधी कळलंच नाही. मग त्याने हॉलकडे पाहिलं, माझ्या खांद्यावरची शाल पाहिली आणि आपल्या पोरांना अरबीत काहीतरी सांगितलं. ती सगळी रेघेबाहेर जाऊन बसली. “तुम थोडा खेलो. हम बैठता है. यल्ला!”

मुक्ताने माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा असा उजळला की मी ते आयुष्यभर विसरणार नाही. पोरं आत धावली, रेहानने बॉल मधोमध ठेवला. आणि पेडणेकरसाहेब धापा टाकत आले. “नाही, नाही! बाहेर या सगळे! आपली वेळ संपली. कुणाला लागलं तर जबाबदारी कोण घेणार? आत चला, ग्रुप फोटो राहिलाय!” चारदोन पालक त्यांच्या बाजूने झाले, परतायला उशीर होतो म्हणून. मी भांडले. चांगली कडाकडा भांडले. तर पेडणेकरसाहेब मनापासून दुखावलेल्या आवाजात म्हणाले, “अहो मॅडम, असं काय करता? आत्ताच तर तुमचा सत्कार केला!”

तोवर एकेका पालकाने आपापलं पोर हाताला धरून बाहेर काढलं होतं. शेवटी मैदानात मुक्ता एकटी उरली. तिने बॉल उचलला, चालत येऊन ओमानी कप्तानाच्या हातात दिला आणि “शुक्रन” म्हणाली.

रात्र इस्माईलभाईंच्या घरी काढली. सकाळी निघताना त्यांनी आग्रहाने सुलैफचं जुनं उजाड गाव दाखवलं. इब्रीपासून अगदी जवळ आहे, उन्हाआधी गेलात तर मातीच्या गल्ल्यांतून निवांत फिरता येतं. बाजारातून ओमानी हलवा घ्या, तो टिकतो. जागा सुंदर आहे हो, इब्रीवर माझा काही राग नाही. परतीच्या वाटेवर बहलाला मी आपणहून गाडी थांबवली, तर कुणी उतरलंच नाही.

घरी पोचलो आणि दोन दिवसांनी मंडळाच्या ग्रुपवर फोटो आले. त्यात मी. खांद्यावर शाल, हातात फुलं, आणि सवयीने हसणारं माझं तोंड. खाली ओळ: ‘मस्कतच्या पालकांनी केलं महोत्सवाचं कौतुक.’ माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी ताबडतोब लिहिलं, मी कौतुक केलेलं नाही, जाब विचारला होता. पोरांना तुम्ही एक मिनिट खेळू दिलं नाहीत आणि माझ्या मुलीची ती शेवटची मॅच होती. खाली लगेच हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. जणू मी वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या होत्या!

मुक्ताचा वाढदिवस झाला. टीम आता तिच्याशिवाय खेळते. आणि काल पेडणेकरसाहेबांचा फोन आला. आवाजात मध. “मॅडम, तुमचं म्हणणं आम्ही मनावर घेतलंय बरं का. मुलींचा विषय दुर्लक्षित राहतो हे खरंच. पुढच्या वर्षी आपण खास मुलींच्या फुटबॉलवर परिसंवाद ठेवतोय. अध्यक्षपद तुम्हीच घ्यायचं!”

मी फोन ठेवला तेव्हा मुक्ता समोरच उभी होती. फोन स्पीकरवर होता, तिने सगळं ऐकलं होतं.

“आई, परिसंवाद म्हणजे काय?”

“म्हणजे खुर्च्यांवर बसून आळीपाळीने बोलायचं.”

तिने थोडा विचार केला. “आणि बॉल कोण आणणार?”