चौदावी पोर

व्हेल्डा क्रॉस्बीची मान बुलारी गावात वाकायची ती फक्त मेंढीची लोकर उतरवताना. माणसांपुढे नाही. लीगच्या बैठकीत एका साहेबानं विचारलं होतं, "खेड्यातल्या पोरींना फुटबॉलची एवढी काय हौस?" ती म्हणाली, "तुमच्या पोरांना जेवढी, तेवढीच." आणि मैदान मिळेपर्यंत खुर्चीवरून हलली नाही. पोरींचा संघ असा उभा राहिला. इकडचा फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू, हातात घेऊन पळायचा आणि मुठीनं ठोसून सोबतिणीला द्यायचा.

गावोगावच्या पोरींना गोळा करत ती स्वतः चालवायची ती बस त्या रविवारी मात्र अर्धी रिकामी आली. मेंढ्या व्यायला लागल्या होत्या. बाकीच्या पोरी घरी कोकरांना बाटलीनं दूध पाजत बसलेल्या. मैदानावर तेराच. चौदा नसल्या तर सामना होत नाही, आणि या मोसमात आधीच दोन बुडालेले. तिसरा बुडाला तर संघ गुंडाळा, असं लीगनं बजावलेलं.

यावर इकडचा उपाय जुना आहे. शेजारणीकडे वाटीभर साखर मागावी, तशी समोरच्या संघाकडे एक पोर उसनी मागायची. पण समोर होता कोंडा गावच्या संघाचा क्लेम ट्रेवास्किस. 'बायकांचं हे खूळ एक हिवाळा टिकणार नाही' असं भर पबमध्ये बोललेला, आणि पुढच्याच वर्षी तसलाच संघ काढलेला! तेव्हापासून व्हेल्डानं त्याच्याशी अबोला धरलेला.

"व्हेल, जा ना गं," कर्णधार मीगन म्हणाली.

"त्याच्याकडे? त्यापेक्षा मीच बूट चढवते."

"गुडघ्याचा पट्टा आणलायस का?"

पोरी खिदळल्या. व्हेल्डा पाय आपटत मैदान ओलांडून गेली.

"क्लेम, एक पोर दे."

"काय? वारा फार आहे, ऐकू आलं नाही."

"सगळं ऐकू आलंय तुला, बेरक्या!"

"जरा गोडीनं माग की."

"दे रे बाबा," ती दातओठ खात म्हणाली.

त्यानं बाकावरची लांबट टॅमसिन दिली. पोरगी सुटली ती हरणासारखी! शेवटच्या मिनिटाला गुण बरोबरीत, लंबगोल चेंडू टॅमसिनच्या हातात, आणि मागून तिच्या गावची जोझी ओरडली, "टॅम, इकडे!" टॅमसिननं सवयीनं मूठ मारून चेंडू तिला दिला. पण जोझी कोंडाच्या जर्सीत. कोंडाचा गोल!

व्हेल्डाच्या शिव्यांनी खांबावरचे काकाकुवा उडाले. क्लेम हसता हसता चिखलात बसला.

पण सामना पुरा झाला होता. संघ वाचला होता. हरलेल्या पोरी एकमेकींना मिठ्या मारत होत्या, टॅमसिन तेवढी रडत होती.

"चला," क्लेम चिखल झटकत म्हणाला, "आमची पोर परत करा."

"मी नाही येत," टॅमसिन नाक पुसत म्हणाली. "तुम्ही मला मोसमभर बाकावर बसवलंत. मी आता यांच्याकडून खेळणार."

क्लेमचं हसू विरलं. व्हेल्डानं त्याच्याकडे बघायचं मुद्दाम टाळलं. कोंडा म्हणजे बसला केवढा वळसा. तिनं मनातल्या मनात रस्ता जुळवून घेतला.

"रविवारी सकाळी तुमच्या फाटकापाशी उभी राहा," ती टॅमसिनला म्हणाली. "आणि जोझीनं हाक मारली की बहिरी हो."